गावाने नकाशावर ठेवलेले बोट

१. लोक विचारतात तो प्रश्न

बुलढाणा जिल्ह्यातील कोणत्याही गावी विकास आराखड्याचा विषय निघाला म्हणजे पारावर बसलेली जाणती मंडळी बहुधा एकच प्रश्न करतात : "आराखडा होतो, कागद जिल्ह्याला जातात, मंजुरी येते, कामही उभे राहते, पण बंधारा जेथे घातला तेथे पाणी ठरत नाही हे आम्हाला आधीच ठाऊक होते, मग आम्हाला कोणी का विचारले नाही?" प्रश्न तक्रारीच्या सुरात विचारला जात असला, तरी त्याच्या पोटात नियोजनशास्त्रातील एक मूलभूत अडचण दडलेली आहे. जो माणूस ती जमीन रोज पायांखाली घालतो त्याचे ज्ञान, आणि ज्याच्या सहीने त्या जमिनीवरील काम मंजूर होते त्याचे ज्ञान, ही दोन्ही एकाच कागदावर आणावयाची कशी, ही ती अडचण होय.

विचारणे अगदीच होत नाही, असे मात्र नाही. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याने ग्रामसभा दिली, १९९३ साली अमलात आलेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने तिला घटनेचे अधिष्ठान दिले, आणि राज्यात 'आमचा गाव, आमचा विकास' या उपक्रमाने गावाने स्वतःचा आराखडा स्वतः करावा अशी रीत घातली. पण ग्रामसभेत एखादा शेतकरी उठून "आमच्या नाल्याच्या वरच्या अंगाला, दोन बाभळींच्या पुढे, काठ फुटला आहे; तेथे दगडी बांध हवा" असे सांगतो, तेव्हा इतिवृत्तात नोंद होते ती "नाला दुरुस्ती, एक काम" अशी. बाभळी गेल्या, वरचे अंग गेले, फुटलेला काठही गेला. उरले ते काम, ज्याला ठिकाण नाही. पुढे ते काम मंजूर झाले तरी कोठे करावयाचे हे ज्याच्या हाती कागद आहे तो ठरवितो. लोकांचे म्हणणे त्याच्या ठिकाणासह नोंदवून घेण्याची जी युक्ती गेल्या पंचवीस-तीस वर्षांत जगभर रूढ झाली, ती म्हणजे ज्यावर लोक स्वतः खुणा करू शकतात असा इंटरनेटवरील नकाशा. त्याचे स्वरूप, सामर्थ्य आणि धोके हा या प्रकरणाचा विषय आहे.

२. सरकारी नकाशाला काय ठाऊक असते

१८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आले आणि पुढील काही दशकांत मुंबई इलाख्याच्या धर्तीवर येथे मोजणी व जमाबंदी झाली. आज तलाठ्याच्या दप्तरात असलेला गावनकाशा त्या परंपरेचाच वारस आहे. त्याचा मूळ हेतू सारा वसूल करणे हा असल्यामुळे कोणाची जमीन कोठवर, तिची हद्द कोणती, आकार किती, हे तो चोख सांगतो. गावठाण, शीव, नाला, पांदण आणि सरकारी पडीत व गुरचरणीची जी जमीन वऱ्हाडात आजही 'ई-क्लास' म्हणून ओळखली जाते, ती सारी त्यावर आहेत. महाभूनकाशा या शासकीय संकेतस्थळावर आता गट नंबर घालून घरबसल्या आपल्या शेताचा आकार पाहता येतो, ही सोय लहान नव्हे.

परंतु जी पांदण नकाशात दोन ठळक रेषांनी दाखविली आहे, ती प्रत्यक्षात दोन्ही बाजूंच्या नांगरांनी खात खात बैलगाडीपुरतीही उरलेली नाही, आणि आषाढात तेथे गुडघाभर चिखल असतो, हे त्या नकाशाला कळत नाही. घाटाखालच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे पूर्णेच्या खोऱ्यातील संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव, नांदुरा या तालुक्यांच्या काळ्या मैदानात, विहिरीचे पाणी खारे निघते हे शास्त्राला माहीत आहे. पण गावच्या कोणत्या विहिरीचे पाणी गुरे तोंडाला लावत नाहीत आणि कोणत्या विहिरीवर बायका उन्हाळ्यातही जातात, हे गावालाच माहीत असते. घाटावरचा चिखली-मेहकरचा शेतकरी आणि घाटाखालचा मलकापूरचा शेतकरी एकाच जिल्ह्याचे असले तरी त्यांच्या पाण्याचे प्रश्न परस्परांहून भिन्न आहेत. ९,६०० चौरस किलोमीटरांहून अधिक विस्ताराच्या आणि २०११ च्या जनगणनेनुसार २५,८६,२५८ लोकवस्तीच्या या जिल्ह्याच्या तेरा तालुक्यांतील असे सारे बारकावे एका कचेरीत बसून जाणणे कोणाही अधिकाऱ्याच्या आवाक्यातले नाही, मग तो कितीही कर्तव्यदक्ष असो.

३. ठिकाणाचे दोन आकडे

लोकांचे म्हणणे नकाशावर चढवावयाचे तर प्रथम ठिकाण नेमके सांगता आले पाहिजे. त्यासाठी दोन आकडे पुरतात : अक्षांश आणि रेखांश. लोणारचे सरोवर सुमारे १९.९८ अंश उत्तर अक्षांश आणि ७६.५१ अंश पूर्व रेखांश या ठिकाणी आहे, एवढे सांगितले की जगातील दुसरे कोणतेही ठिकाण त्यात बसू शकत नाही.

दशांशचिन्हापुढचे प्रत्येक स्थान किती अचूकपणा देते, हे पाहण्यासाठी साधे गणित करू. अक्षांशाचा एक अंश म्हणजे जमिनीवर सुमारे १११ किलोमीटर. दशांशाचे पहिले स्थान दिले तर ठिकाण सुमारे ११ किलोमीटरांच्या टप्प्यात येते, म्हणजे तालुका कळतो. दुसऱ्या स्थानाने सुमारे १.१ किलोमीटर, म्हणजे शिवार कळते. तिसऱ्याने सुमारे १११ मीटर, म्हणजे शेत. चौथ्याने सुमारे ११ मीटर, म्हणजे शेतातील विहीर. आणि पाचव्याने एक मीटरच्या आसपास, म्हणजे विहिरीचा काठ. आपल्या खिशातील मोबाइल उपग्रहांच्या संकेतांवरून हे आकडे काढतो. मोकळ्या रानात त्याची चूक साधारणतः पाच-दहा मीटरांची असते. दाट झाडीत किंवा अरुंद गल्लीत ती वाढते.

बंधाऱ्याची जागा सुचविण्यास हा अचूकपणा भरपूर आहे; बांधाचा वाद मिटविण्यास तो मुळीच पुरेसा नाही. दोन शेतांमधील बांध हातभर रुंद आणि मोबाइलची चूक दहा मीटरांची, अशा स्थितीत नकाशावरील ठिपका शेजाऱ्याच्या गटात पडला म्हणून कोणी कोर्टाची पायरी चढू नये. हद्दीचे काम भूमी अभिलेख खात्याच्या मोजणीचे आहे आणि ते तेथेच राहिले पाहिजे. लोकांच्या नकाशाने त्यात शिरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

४. थर, ठिपका, रेषा, क्षेत्र

इंटरनेटवरील नकाशा हा एक कागद नसून अनेक पारदर्शक थरांची चळत असते. सर्वांत खाली आधारनकाशा : उपग्रहाचे चित्र किंवा रस्ते व नद्यांचा आराखडा. इस्रोचे 'भुवन' २००९ पासून भारताची उपग्रहचित्रे लोकांपुढे ठेवीत आहे. २००४ साली इंग्लंडात सुरू झालेला 'ओपनस्ट्रीटमॅप' तर मुख्यतः स्वयंसेवकांनी काढलेला आहे. पूर्वी आपल्याकडे नकाशा तयार करण्यास परवानग्यांचे अनेक अडसर होते. केंद्र शासनाने १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी भारतीय नागरिकांना व संस्थांना त्यांतून बहुतांशी मोकळे केले. आधारनकाशावर गटांचा थर, त्यावर नाल्यांचा, त्यावर सरकारी इमारतींचा, आणि सर्वांच्या वर एक कोरा थर. हा कोरा थर लोकांचा.

त्या थरावर तीन प्रकारच्या खुणा करता येतात. विहीर, मोरी, पडकी शाळा अशा एका जागेसाठी ठिपका. पांदण, नाला, मुलींचा शाळेचा रस्ता यांसाठी रेषा. आणि पाणी साचणारे रान किंवा चराऊ माळ यांसाठी क्षेत्र. खुणेसोबत चार ओळी लिहिता येतात, छायाचित्र जोडता येते, आणि ज्याला लिहिणे जमत नाही त्याला बोलून आवाज नोंदविता येईल अशीही तजवीज करता येते.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, मोताळा तालुक्यातील एका गावाला यंदा एकच पांदण दुरुस्त करण्यापुरता निधी आहे आणि पांदणी तीन आहेत. ग्रामसभेत ज्याचा आवाज मोठा त्याची पांदण वर येते. त्याऐवजी गावाने पावसाळ्याचे दोन महिने नकाशा खुला ठेवला आणि जेथे गाडी अडली तेथे ज्याने त्याने ठिपका द्यावा असे ठरविले. पहिल्या पांदणीवर ठिपके तीस पडले, पण सारे एकाच ओढ्याच्या उतारावर; दुसरीवर बारा, पण संपूर्ण लांबीभर विखुरलेले; तिसरीवर चार. नुसती मते मोजली तर पहिली पांदण जिंकते आणि सारा निधी तिच्यावर जातो. नकाशा पाहिला तर कळते की पहिलीला रस्ता नको, ओढ्यावर एक मोरी पुरे. ती केल्यावर उरलेल्या पैशांत दुसरीचे खडीकरण होऊ शकेल. चाराचे, बाराचे किंवा तिसाचे आकडे इतिवृत्तातही मांडता आले असते. ठिपके कोठे पडले हे मात्र नकाशावाचून दिसले नसते.

५. एक इंग्रजी खेडे आणि मुंबई

ही पद्धत उगवली ती एका खेड्यातच. इंग्लंडात टोनी गिब्सन यांनी १९७० च्या दशकात अशी एक रीत घातली होती की, वस्तीची पुठ्ठ्याची मोठी प्रतिकृती करावी, ती सर्वांना सोयीच्या जागी मांडावी, आणि रहिवाशांनी तिच्यावर आपल्या सूचनांच्या चिठ्ठ्या हव्या त्या जागी ठेवाव्यात. सभेत बोलण्यास जो संकोचतो तोही चिठ्ठी ठेवण्यास संकोचत नाही, हे तिचे मर्म. १९९८ साली यॉर्कशर परगण्यातील स्लेथवेट या गावी अशी प्रतिकृती मांडली गेली, तेव्हा लीड्स विद्यापीठातील भूगोलज्ञांनी तिच्या जोडीला गावाचा नकाशा इंटरनेटवर ठेवला. घरावर, रस्त्यावर किंवा ओढ्यावर बोट ठेवावे आणि म्हणणे लिहावे, अशी सोय केली. त्यानंतर दहा वर्षांनी, जानेवारी २००८ मध्ये, केनियातील निवडणुकीनंतर उसळलेल्या हिंसाचाराची ठिकाणे लोकांनीच कळवावीत म्हणून 'उशाहिदी' हा नकाशा निघाला आणि साध्या मोबाइलच्या संदेशांवरूनही नकाशा भरता येतो, हे सिद्ध झाले.

आपल्या राज्यात नकाशा आणि जनता यांची सर्वांत मोठी गाठ पडली ती मुंबईच्या विकास आराखड्यात. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये शहराचा आराखडा प्रसिद्ध करून त्यावर ठरावीक मुदतीत हरकती व सूचना मागवाव्या लागतात आणि त्यांची सुनावणी घ्यावी लागते. मुंबईचा नवा आराखडा फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचे नकाशे लोकांच्या संगणकांपर्यंत पोहोचलेले असल्यामुळे ज्याने त्याने प्रथम आपली गल्ली शोधली, आणि उभ्या इमारतींवरून गेलेले रस्ते व गळालेल्या वारसावास्तू अशा चुकांचा इतका बोभाटा झाला की, एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांना त्याच्या फेरतपासणीचा आदेश द्यावा लागला. सुधारित आराखडा २०१६ साली आला व २०१८ साली मंजूर झाला. जे नकाशे पूर्वी कचेरीच्या भिंतीवर टांगले जात, ते घरोघर उघडता आल्याने केवढा फरक पडतो, हे त्यावरून दिसले. चिखली, खामगाव, मलकापूर येथील नगरपालिकांचे विकास आराखडेही याच कायद्याखाली होतात.

मात्र मुंबईत लोकांच्या हरकती मागविल्या गेल्या त्या आराखडा काढून झाल्यावर. हरकत म्हणजे दुसऱ्याने काढलेल्या रेषेस नकार. रेषा काढण्यापूर्वीच कोरा थर लोकांपुढे ठेवणे हे त्याहून कमी खर्चाचे आणि माझ्या मते अधिक न्यायाचे आहे.

६. शिवार फेरीपासून मोबाइलपर्यंत

बुलढाण्याला या कल्पनेचे बीज बाहेरून आणावे लागणार नाही; ते येथल्या शिवारातच आहे. पाणलोटाच्या कामात शिवार फेरी ही जुनी व रुळलेली रीत. गावकरी, कृषी सहायक आणि जाणते शेतकरी माथ्यापासून पायथ्यापर्यंत ओढ्याच्या कडेकडेने चालत जातात आणि चर कोठे, बांध कोठे, तळे कोठे हे जागेवर उभे राहून ठरवितात. डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानाने ही फेरी आराखड्याचा भाग केली, आणि झालेल्या कामांची छायाचित्रे अक्षांश-रेखांशांसह नोंदविण्यासाठी नागपूरच्या महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्राचे साह्य घेतले गेले. २०१८ च्या 'सत्यमेव जयते वॉटर कप' स्पर्धेत मोताळा तालुक्यातील सिंदखेड गावाने राज्यात दुसरा क्रमांक विभागून पटकावला, तोही माथा ते पायथा या क्रमाने स्वतः आखलेल्या कामांवर. महामार्गाच्या भरावासाठी लागणारा मुरूम व माती गावतळी आणि नाले खोल करून घ्यावयाची, म्हणजे रस्त्याला भराव आणि गावाला पाणी, ही जी पद्धत 'बुलढाणा पॅटर्न' या नावाने गाजली, तिच्यातही कोणते तळे खणावे हा निर्णय ठिकाणाचाच होता. कोणत्या नाल्याखाली मुरूम आहे आणि कोठे तीन हातांवर काळा पाषाण लागतो, हे विहिरी खणलेल्या माणसांना विचारल्यावाचून कळत नाही.

२०१८ साली जागतिक बँकेच्या साह्याने सुरू झालेला नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प याच्याही पुढे गेला. बुलढाण्यासह विदर्भ-मराठवाड्यातील दुष्काळप्रवण गावे आणि पूर्णेचा खारपाणपट्टा त्याच्या कक्षेत आले. गावोगावी ग्राम कृषी संजीवनी समित्या झाल्या. आणि मुंबईच्या आय.आय.टी.ने गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडण्याची संगणकीय रीत तयार करून दिली. ताळेबंदाचे गणित अवघड नाही. एका हेक्टरावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे १० घनमीटर पाणी होते. समजा, गावाचे शिवार ५०० हेक्टर आणि वर्षाचा पाऊस ७०० मिलिमीटर. तर गावावर ३५ लाख घनमीटर पाणी पडले. त्यातून पिकांनी व उन्हाने घेतलेले, जमिनीत मुरलेले आणि नाल्यावाटे शिवेपार गेलेले असे हिशेब काढले की, अडविण्याजोगे किती उरते हे कळते. संगणक हे सारे माती, उतार व पीक यांच्या थरांवरून सांगतो. पण वरच्या अंगाच्या विहिरींना मार्गशीर्षात किती हात पाणी असते, ही गोष्ट समितीच्या बैठकीत एखाद्या बाईने सांगितली तरच त्या गणिताची खात्री पटते. यंत्राचा हिशेब आणि गावाची स्मृती यांना परस्परांची तपासणी करता येणे हा या नकाशाचा सर्वांत मोठा लाभ आहे. मला तो तंत्रज्ञानाच्या साऱ्या चमत्कारांहून मोलाचा वाटतो.

शेतकऱ्याला मोबाइलवरचा नकाशा झेपेल काय, ही शंका आता घेण्याचे कारण नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि पूर्वी तलाठी जी पिकांची नोंद करीत असे ती शेतकरी स्वतः शेतात उभा राहून, छायाचित्रासह, अक्षांश-रेखांशांनिशी करू लागला. ज्याच्याजवळ मोबाइल नाही त्याची नोंद शेजाऱ्याच्या मोबाइलवरून होते. दहा टक्के नोंदी तलाठ्याने तपासावयाच्या, असा पडताळाही आहे. पीक सांगणारा शेतकरी फुटलेला बंधाराही सांगू शकेल. यंत्रणा तीच, प्रश्न तेवढा वेगळा विचारावा लागेल.

७. ज्यांचे ठिपके पडत नाहीत

येथे सर्वांत सावध राहावे लागते. पंगतीत "वाढा, वाढा" असे जो मोठ्याने म्हणतो त्याच्या पानात चार पुऱ्या पडतात आणि मुकाट बसलेल्या पाहुण्याचे पान रिकामे राहते. म्हणून शहाणा वाढपी हाकेवर विसंबत नाही, ओळीच्या टोकापर्यंत चालत जाऊन प्रत्येक पान पाहतो. नकाशावर ठिपक्यांची गर्दी जेथे आहे तेथे गरज अधिक आहे असे समजणारा अधिकारी हाकेवर वाढणारा वाढपी होय. गर्दी म्हणजे त्या वस्तीत मोबाइल आहेत, 'रेंज' आहे, लिहिणारी मुले आहेत, एवढेच.

सातपुड्याच्या पायथ्याशी, अंबाबारवा अभयारण्याच्या आसपास, संग्रामपूर व जळगाव जामोद तालुक्यांतील आदिवासी पाड्यांवरून एकही ठिपका आला नाही, तर तेथे काही उणे नाही असा अर्थ होत नाही. ऊसतोडीला गेलेली कुटुंबे, तांड्यावरची म्हातारी माणसे, नवऱ्याच्या मोबाइलला हात न लावणाऱ्या सुना, या सर्वांची जागा नकाशावर कोरी राहते. म्हणून नकाशा उघडताना त्याच्या शेजारी एक यादी ठेवावी : कोणत्या वस्तीतून किती खुणा आल्या. जेथून आल्या नाहीत तेथे आशाताई, अंगणवाडीताई किंवा कॉलेजातील मुलामुलींनी छापील नकाशा घेऊन जावे, जमिनीवर पसरावा, बोट ठेवावयास सांगावे, आणि ते ठिपके मागाहून संगणकावर चढवावेत. ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घेण्याची कायद्यात तरतूद आहे. त्या सभेत हा नकाशा पसरला, तर पाणवठ्याच्या आणि शौचास जाण्याच्या अंधाऱ्या वाटांच्या रेषा प्रथमच कागदावर येतील.

दुसरा धोका याहून गंभीर आहे. ई-क्लास जमिनीचा तुकडा कसून पोट भरणारी भूमिहीन, बहुधा दलित वा आदिवासी, कुटुंबे वऱ्हाडात आणि मराठवाड्यात पुष्कळ आहेत. लोकांच्या नकाशावर "येथे अतिक्रमण" असा ठिपका कोणी ठेवला, आणि तो सार्वजनिक झाला, तर एका कुटुंबाची भाकर त्या ठिपक्याखाली चिरडली जाऊ शकते. माणसाविरुद्धची तक्रार या नकाशावर घेऊ नये. तक्रारीस तहसीलची वाट आहे, तेथे दुसऱ्या बाजूस म्हणणे मांडता येते. खूण ठेवणाऱ्याचे नाव व मोबाइल क्रमांकही सर्वांना दिसता कामा नये, नाहीतर सरपंचाच्या शेतालगतची बुजवलेली पांदण दाखविण्याचे धाडस कोणी करणार नाही.

८. ठिपक्याला उत्तर

लोकांनी खुणा केल्या, पुढे काय? येथेच बहुतेक प्रयोग थंडावतात, आणि त्याचे कारण तंत्रज्ञानात शोधू नये. ज्याने चिखलात उभे राहून ठिपका ठेवला, त्याला त्याचे काय झाले हे न कळले तर पुढल्या वर्षी तो नकाशा उघडणार नाही. म्हणून प्रत्येक खुणेसमोर कचेरीचे उत्तर असावे : स्वीकारले, आणि कोणत्या योजनेत, नाकारले, आणि कोणत्या कारणाने, अथवा अमक्या खात्याकडे वर्ग केले, आणि कोणत्या तारखेस. नकार मिळाला तरी चालेल; सकारण नकार माणूस सहन करतो. उत्तराची मुदत आधीच जाहीर करावी आणि ते देणाऱ्याचे पद नकाशावर लिहावे.

काळाची निवडही विचारपूर्वक व्हावी. पेरणीच्या आठवड्यात शेतकऱ्याला नकाशा दाखविणे व्यर्थ आहे. पण जुलै ते सप्टेंबर हा पांदणी, मोऱ्या, पूर आणि फुटके बांध यांचा साक्षात्काराचा काळ, तर एप्रिल-मे हा कोरड्या विहिरींचा. दोन्ही ऋतूंत नकाशा खुला राहिला तर २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपुढे पाण्याच्या अभावाचा आणि पाण्याच्या अतिरेकाचा असे दोन थर एकाच वेळी ठेवता येतात. सप्टेंबरच्या अखेरीस ग्रामसेवकाने खुणा बंद कराव्यात, वस्तीनिहाय यादीशी त्या ताडून पाहाव्यात, मोठ्या कागदावर नकाशा छापून तो ग्रामपंचायतीच्या ओट्यावर आठवडाभर लावावा, आणि त्याच्या शेजारी दोरीला बांधलेली एक पेन्सिल ठेवावी, म्हणजे जे राहिले ते ग्रामसभेच्या आधी कोणालाही स्वतःच्या हाताने भरता येईल.